22 क्रेडिटचं आता काय करायचं?

प्रति,
मा. अध्यक्ष, मा. सचिव, मा. प्राचार्य
व विद्या परिषदेचे सर्व सदस्य,
सांगली

विषय : राज्यशास्त्राचा बीए ऑनर्स व एमए हा चार वर्षांचा जलद अभ्यासक्रम मध्येच बंद केल्याबाबत

स. न. वि. वि.

मी आपल्या महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीची आई. जत तालुक्याच्या पूर्व भागात आमचं गाव आहे. 2017 ते 2022 अशी पाच वर्षं मी गावची सरपंच होते, आता घरची डाळिंबाची बाग बघते. मुलीचं आणि गावाचं नाव इथं लिहीत नाही, कारण तिला अजून आपल्याच वर्गात बसायचं आहे. आणि गाऱ्हाणं तिच्या एकटीचं नाही. या अभ्यासक्रमात सात जण आहेत, पाच मुली आणि दोन मुलं. सातही घरांशी बोलून हे लिहिते आहे. आधी दोन अर्ज केले. एक कार्यालयात हातात दिला, दुसरा स्पीड पोस्टानं पाठवला. दोन्हींचं उत्तर आलं नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर मांडते.

दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला त्याच आठवड्यात मुलीच्या फोनवर, वर्गाच्या ग्रुपवर, एका कागदाचा फोटो आला. चार ओळींची सूचना. विद्यार्थीसंख्या, अध्यापकांची उपलब्धता आणि विद्यार्थ्यांचं हित लक्षात घेऊन राज्यशास्त्राचा जलद पदवी अभ्यासक्रम या वर्षापासून स्थगित करण्यात येत आहे, संबंधितांनी नियमित वर्गात प्रवेश घ्यावा. खाली गोल शिक्का आणि सही. मी तिला फोटो मोठा करायला सांगितला. जावक क्रमांक कुठं आहे, बघ म्हटलं. नव्हता. ठराव क्रमांक नव्हता. कोणत्या बैठकीत हे ठरलं, तिची तारीखही नव्हती. ग्रामपंचायतीत गुरांच्या हौदाला नवीन तोटी बसवायची तरी आम्ही मासिक सभेत ठराव घेतो, सूचक कोण, अनुमोदक कोण ते लिहितो, प्रोसिडिंगवर सह्या घेतो. सात मुलांच्या आयुष्याचं एक वर्ष त्याहून हलकं आहे, असं आपल्याला वाटत नसणार. पण कागद तसाच आहे.

आता हे प्रकरण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मुलगी जून 2024 मध्ये बीएला आली. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांची साधी पदवी आहे आणि चार वर्षांची ऑनर्स आहे. ऑनर्स केलेल्याला एमए एकाच वर्षाचं, साधी पदवी घेतलेल्याला दोन वर्षांचं. कुठल्याही वाटेनं गेलं तरी बेरीज पाच. मे 2025 मध्ये, पहिलं वर्ष संपताना, आपण पालकांची सभा घेतली. जतहून मी आले होते. त्या सभेत आपल्या विभागानं सांगितलं की विद्यापीठ अनुदान आयोगानं आता जलद पदवीची मुभा दिली आहे, ज्यांची तयारी आहे अशा मुलांना जास्तीचे पेपर घेऊन चार वर्षांची ऑनर्स सहा किंवा सात सत्रांत पूर्ण करता येते. आपलं महाविद्यालय स्वायत्त आहे, अभ्यासक्रम स्वतः ठरवू शकतं, आपण सहा सत्रांत करू, आणि पुढं एमएचं एक वर्षही इथंच सुरू करू. म्हणजे तीन अधिक एक. सरांनी फळ्यावर लिहिलं होतं : 2027 ऑनर्स, 2028 एमए. मी ते पाकिटाच्या पाठीमागे लिहून घेतलं. ते पाकीट अजून माझ्याकडे आहे.

त्यानंतर आपल्याच समितीनं दोन सत्रांचे गुण बघून, मुलाखती घेऊन सात जण निवडले. कुणी मागं लागून प्रवेश घेतलेला नाही.

घरी काय झालं तेही सांगते, कारण माझं खरं दुखणं तिथं आहे. आमच्याकडे मुलगी बारावी झाली की पाहुण्यांमध्ये विषय निघतो. एखादी मावशी फोन करते, कुणी फोटो मागतं. बीएचं पहिलं वर्ष होईपर्यंत दोन स्थळं सांगून आली होती. मुलीचे वडील वाईट नाहीत, पण भावकीत बसणं-उठणं असतं, माणूस ऐकून घेतो आणि ते मनात राहतं. मेमधल्या त्या सभेवरून घरी गेले त्या रात्री मी सासूबाई, दीर, जाऊ, सगळ्यांना बसवलं. पाकीट पुढं ठेवलं. म्हटलं, पाच वर्षं मागत नाही, चार द्या. 2028 च्या उन्हाळ्यापर्यंत या घरात लग्नाचा विषय काढायचा नाही. एमए होईल, मग बीएडची दोन वर्षं ती कुठंही राहून करेल, ज्युनियर कॉलेजला शिक्षिका होईल. दीर म्हणाले, आणि एमए नाही झालं तर? मी म्हटलं, कॉलेजनं लिहून दाखवलंय, होणार. सासूबाई म्हणाल्या, वहिनी शब्द देतेय तर देऊ दे. तिथं विषय मिटला.

तो शब्द मी आपल्या शब्दावर दिला होता. आता पाचव्या वर्षासाठी पुन्हा त्याच माणसांपुढं बसायचं, तर मला काही बोलता येत नाही. सातमधल्या आणखी दोन मुलींच्या घरी असंच आहे. त्यातल्या एकीचं स्थळ गेल्या महिन्यात पक्कं होत आलं होतं, तिच्या आईनं मला रडत फोन केला. शहरातल्या घरात एक वर्ष पुढं-मागं झालं तर मूल थोडं नाराज होतं. आमच्याकडे त्या एका वर्षात मुलीचं शिक्षण संपतं.

आता क्रेडिटचं, म्हणजे किती शिक्षण झालं त्या मोजमापाचं. महाराष्ट्रात एका सत्राला 22 क्रेडिट असतात. दोन वर्षांचे होतात 88, तीन वर्षांचे 132, चार वर्षांच्या ऑनर्सला 176. या मुलांनी पहिल्या वर्षी सगळ्यांसारखे 44 केले आणि दुसऱ्या वर्षी दर सत्राला 33 प्रमाणे 66. म्हणजे त्यांच्या नावावर आज 110 हवेत. एक क्रेडिट म्हणजे 15 तास शिकवणी, हा नियम आहे. जास्तीच्या 22 क्रेडिटचे 330 तास झाले. हे 330 तास कुठून आले ते मी बघितलं आहे. सकाळी साडेसातचा तास, कारण साडेनवापासून नियमित वर्ग. शनिवारी दुपार. दोन रविवारांआड एक रविवार. दिवाळीच्या सुट्टीत बाकीची मुलं गावी गेली तेव्हा ही सात जणं विश्रामबागेत कॉट बेसिसवर राहिली, मेस बंद होती म्हणून दोन वेळा पोहे करून खाल्ले. मी लाडू घेऊन आले तेव्हा मुलगी पलंगावर नोट्स पसरून तौलनिक शासनाचा पेपर लिहायचा सराव करत होती. डोळ्यांखाली काळं झालं होतं. मी म्हटलं, झेपतंय का गं? ती म्हणाली, आई, झेपतंय, फक्त झोप येते.

सातपैकी सातही जण पास झाले. पण अकॅडमिक बँकेत, म्हणजे मिळवलेले क्रेडिट जिथं ऑनलाइन जमा होतात तिथं, मुलीच्या खात्यात आज 88 क्रेडिट दिसतात. जास्तीच्या 22 चा पत्ता नाही. कार्यालयात विचारलं तर सांगितलं, ते पेपर तिसऱ्या वर्षाचे आहेत, नियमित बॅचबरोबर पुन्हा द्यावे लागतील. पास झालेला पेपर पुन्हा का द्यायचा, याचं उत्तर त्या खिडकीपाशी कुणाकडे नव्हतं, आणि त्या कारकुनाला मी दोष देत नाही. जास्तीच्या परीक्षांचे दोन सत्रांचे मिळून 3,800 रुपये आम्ही भरले आहेत. दोन्ही पावत्या माझ्याकडे आहेत. तेल्या रोगानं बाग गेली त्या वर्षी भरलेले ते पैसे आहेत.

सूचनेतली तीन कारणं एकेक करून घेते.

विद्यार्थीसंख्या कमी आहे, हे पहिलं. जलद अभ्यासक्रमात मंजूर प्रवेशक्षमतेच्या दहा टक्क्यांपर्यंतच मुलं घेता येतात, ही मर्यादा आयोगाच्याच नियमात आहे. सभेत आपणच ते सांगितलं होतं. म्हणजे वर्ग लहान राहणार हे पहिल्या दिवशी ठाऊक होतं. लहान असणं हाच ज्याचा नियम आहे ते लहान आहे म्हणून बंद करायचं, हे मला पटत नाही. आणि आयोगानं सक्ती केलेली नाही, मुभा दिली आहे, असं आपण म्हणाल, तर ते खरं आहे. कुणी आपल्याला सुरू करायला लावलं नव्हतं. आपण सुरू केलं, मुलं निवडली, फी घेतली. त्यानंतर ती मुभा राहत नाही, जबाबदारी होते.

दुसरं, अध्यापक नाहीत. हे मात्र खरं आहे आणि यावर मला सविस्तर बोलायचं आहे. विभागातले ज्येष्ठ सर गेल्या वर्षी निवृत्त झाले. जागा भरली नाही. जास्तीचे बहुतेक तास तासिका तत्त्वावरच्या एका तरुण सरांनी घेतले. ते विट्याहून एसटीनं येतात, साडेसातच्या तासासाठी पहाटे निघतात. तास झाला तर पैसे, सुट्टी असली तर नाही. दिवाळीतले तास त्यांनी मांडलेसुद्धा नाहीत, असं मुलं सांगतात. एका माणसाच्या चांगुलपणावर अख्खा अभ्यासक्रम उभा करायचा आणि तो माणूस दमला की अभ्यासक्रम बंद करायचा, याला नियोजन म्हणत नाहीत. सरपंच असताना माझ्याकडे एकच पाणीपुरवठा कर्मचारी होता. तो आजारी पडला तेव्हा मी गावाला पाणी बंद केलं नाही, शेजारच्या गावातून माणूस आणला आणि दुसऱ्या कर्मचाऱ्याचा प्रस्ताव पाठवला. सांगली-मिरजेत महाविद्यालयं थोडी नाहीत. दोन महाविद्यालयांनी मिळून तीन पेपर शिकवायचे ठरवले तर अवघड काय आहे? काही क्रेडिट 'स्वयम्'वरच्या ऑनलाइन कोर्समधून घेता येतात, हेही सभेत आपणच सांगितलं होतं. हे करून पाहिलं आणि जमलं नाही, असं असेल तर तेही कळवा. करून पाहिल्याचं कुठं दिसत नाही.

तिसरं, विद्यार्थ्यांचं हित. सातपैकी एकालाही बोलावून विचारलं नाही. मी प्रामाणिकपणे सांगते, या वेगात एक मुलगी मागं पडते आहे. तिला स्वतःलाच नियमित वर्गात जायचं आहे, आणि तिनं जावं. पहिल्या दिवसापासून तशी सोय असायला हवी होती. पण एकीला नको म्हणून सहांचं बंद करायचं, यात हित कुणाचं? मी संस्थेच्या एका वडीलधाऱ्या संचालकांना भेटले तेव्हा ते आपुलकीनं म्हणाले, ताई, राज्यशास्त्र हा घाईनं शिकायचा विषय नव्हे, वाचायला, विचार करायला वेळ लागतो. त्यांचं म्हणणं मी मनापासून ऐकलं. घरी येऊन मुलीला सांगितलं. ती म्हणाली, आई, तास तर तेवढेच आहेत, आम्ही सुट्ट्या दिल्या आहेत. मला वाटतं तिचं बरोबर आहे. 15 तासांचं क्रेडिट त्यांनी 8 तासांत उरकलेलं नाही.

आणि ती काय शिकली, तेही बघा.

2022 च्या नोव्हेंबरमध्ये कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी जत तालुक्यावर दावा सांगितला तेव्हा आमच्याकडे टीव्हीवाले आले होते. पाण्यावाचून कंटाळून आमच्या पूर्व भागातल्या गावांनी कर्नाटकात जाण्याचे ठराव पूर्वी केले होते, ते सगळं पुन्हा वर आलं. माझ्या मुदतीचे शेवटचे दिवस होते. मुलगी तेव्हा अकरावीत. रात्री भाकरी करताना तिनं विचारलं, आई, ग्रामसभेनं ठराव केला की गाव खरंच दुसऱ्या राज्यात जातं का? मी पाच वर्षं सरपंच होते आणि मला उत्तर येत नव्हतं. मी म्हटलं, वरचे लोक ठरवतात. वरचे म्हणजे कोण, हे तिनं विचारलं आणि मी गप्प राहिले.

बीएच्या पहिल्या वर्षाला असताना एका संध्याकाळी तिचा फोन आला. आई, राज्यघटनेचं कलम 3. राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार संसदेचा आहे. राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय ते विधेयक मांडता येत नाही, आधी त्या-त्या राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवतात, पण ते मत संसदेवर बंधनकारक नसतं. ग्रामसभेचा ठराव ही मागणी आहे, तेवढंच. एका दमात बोलली. मी बागेत उभी होते, हातात पाइप होता, पाणी कुठं चाललंय याचं भान राहिलं नाही. माझ्या पाच वर्षांच्या कारभारात मला कुणी इतकं सरळ काही सांगितलं नव्हतं. ग्रामसेवक म्हणायचे इथं सही करा, मी करायचे. वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा असतो, हे मला तो रस्त्यावर लावायचा ठराव तालुक्यावरून परत आल्यावर कळलं. ग्रामसभेला 15 टक्के मतदार किंवा 100, यांतली कमी असेल तेवढी गणसंख्या लागते, हे मी दुसऱ्या वर्षी शिकले, तेही एका विरोधी सदस्यानं सभा उधळली म्हणून. माझ्यासारख्या हजारो बायका राखीव जागेवरून निवडून येतात. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा आमच्यासाठी आहेत. त्या खुर्चीत बसणाऱ्या बाईला राज्यशास्त्र शिकवणारी बाई गावाजवळच्या ज्युनियर कॉलेजात असावी, एवढ्यासाठी मी मुलीला या विषयाला घातलं. आर्ट्सला कशाला, नर्सिंगला घाला, असं सगळे म्हणत होते.

संशोधन पद्धतीच्या पेपरसाठी ही सात जणं त्याच विट्याच्या सरांबरोबर एसटीनं औंधला जाऊन आली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, पण त्या संस्थानाचे तुकडे इकडे कुंडल, आटपाडीपर्यंत पसरलेले होते. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1939 साली स्वतःची सत्ता सोडून प्रजेला राज्यघटना दिली, गावपंचायतींवर उभी केलेली. तिच्या मसुद्याला गांधीजींचं मार्गदर्शन होतं. पुढं चार वर्षांनी याच मुलखात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, न्यायदान मंडळं चालली, आणि औंधच्या हद्दीत भूमिगतांना आसरा मिळाला. मुलीचा निबंध यावर आहे : वरून दिलेली घटना आणि खालून उभं राहिलेलं सरकार, कुंडलच्या एकाच मातीत, पाच वर्षांच्या आत. तिला ऑनर्सच्या शेवटच्या वर्षात हेच प्रबंधिकेसाठी घ्यायचं आहे. कुंडलला जाऊन जुन्या लोकांच्या नातवंडांशी बोलायचं तिनं ठरवलं होतं, प्रश्नावली तयार आहे. हे दिल्लीच्या विद्यापीठात होणार नाही. सांगलीतच होऊ शकतं, आणि आपण ते बंद करता आहात.

आपल्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढची तीन वर्षांहून अधिक काळ तिथं प्रशासक होते. 1962 पासून जिल्हा परिषदा आल्या, देवराष्ट्र्याच्या यशवंतरावांनी त्या उभ्या केल्या, असं आम्ही शाळेत शिकलो. इतकी वर्षं लोकप्रतिनिधी नसताना गावाच्या कामांचं काय होतं ते मी माजी सरपंच म्हणून बघितलं आहे. फाइल कुणाकडे न्यायची हेच कळत नव्हतं. अशा जिल्ह्यात राज्यशास्त्र नीट शिकलेली मुलं जास्त लागतात.

मुलं आपल्याकडे गेली तेव्हा त्यांना आणखी एक सांगण्यात आलं, एमए काय, बाहेरून करता येतं. बाहेरून करणाऱ्यांना मी कमी समजत नाही, माझी जाऊ तशीच बीए झाली. पण या मुलांना आपण वर्गात बसवून शिकवायचं ठरवलं होतं. 330 तास त्यांनी भरले आहेत. आता बाहेरून करा म्हणणं बरोबर नाही.

आमच्या मागण्या सांगते. जास्त नाहीत.

1. सध्याच्या सात जणांपुरती ही सूचना मागे घ्यावी. ज्यांना नियमित वर्गात जायचं आहे त्यांना स्वखुशीनं जाऊ द्यावं. पुढच्या बॅचेसचं काय करायचं ते आपण नंतर, सगळ्यांना विचारून ठरवा.

2. जास्तीचे 22 क्रेडिट 15 दिवसांच्या आत सातही जणांच्या अकॅडमिक बँकेच्या खात्यात जमा करावेत. पास झालेला एकही पेपर पुन्हा द्यायला लावू नये.

3. तिसऱ्या वर्षाच्या 66 क्रेडिटचं वेळापत्रक लेखी द्यावं. कोणता पेपर कोण शिकवणार, कुठं शिकवणार, किती ऑनलाइन, हे त्यात असावं. रिकामी जागा भरेपर्यंत शेजारच्या महाविद्यालयाशी करार करावा. विट्याहून येणाऱ्या सरांना झालेल्या सगळ्या तासांचं मानधन द्यावं, दिवाळीतल्या तासांसह.

4. एका वर्षाच्या एमएचा प्रस्ताव आज कुठल्या टेबलावर आहे ते लेखी कळवावं. पाठवला असेल तर तारीख द्या. पाठवला नसेल तर तेही लिहा, आम्हाला खरं कळू द्या.

5. यातलं काही होणारच नसेल तर तसं स्पष्ट लिहून द्यावं, सगळे 110 क्रेडिट घेऊन दुसऱ्या संस्थेत जाण्यासाठी लागणारे कागद तयार करून द्यावेत आणि जास्तीची फी परत करावी. त्या संस्थेशी बोलणंही आपणच करावं. मुलांना दारोदार पाठवू नये.

6. अभ्यासक्रम सुरू किंवा बंद करण्याचा निर्णय ज्या बैठकीत होईल तिथं त्या वर्गाचा एक विद्यार्थी आणि एक पालक असावा. आमच्या ग्रामसभेत गावातला कुणीही मतदार उठून बोलू शकतो. एवढी वाट महाविद्यालयातही असू द्या.

आपल्या संस्थेबद्दल माझ्या मनात राग नाही. माझे दोन भाऊ आपल्याकडे शिकले, एक आज तलाठी आहे. प्राचार्य सरांनी कोरोनात वसतिगृहातली मुलं घरी पोचेपर्यंत झोप घेतली नव्हती, हे मला माहीत आहे. म्हणूनच ही चार ओळींची सूचना वाचून विश्वास बसला नाही.

येत्या सोमवारी मी जतहून पहाटेच्या एसटीनं निघते आहे. इतर चार पालक कवठेमहांकाळला आणि मिरजेला गाडीत चढतील, राहिलेले दोघं सांगलीत भेटतील. साडेदहाला आम्ही कार्यालयात असू. सात घरांच्या सह्यांचं निवेदन, दोन्ही पावत्या, गुणपत्रिका आणि ते पाकीट सोबत आणते आहे. आपल्यापैकी जे कुणी असतील त्यांनी आम्हाला अर्धा तास द्यावा. आणि या वेळी निवेदनाची आवक नोंद करून, नंबर घालून, शिक्का मारलेली पोच आम्हाला द्यावी.

आपली विश्वासू,
एक पालक व माजी सरपंच,
ता. जत, जि. सांगली